फाडलेले ढोल आणि पोरांचं कोर्ट

ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. ढोल फाडले होते, बस्स. पण न्यू जर्सीतल्या त्या गावात अल्पवयीन मुलांची प्रकरणं पाहणारा अधिकारी म्हणून मी उभी हयात घालवली, आणि इतका हट्टाला दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात पेटलो नाही.

गणपतीची मिरवणूक तोंडावर आली होती. सकाळी ठाण्यात चहाचा पहिला घोट घेतोय तोच फोन वाजला. "साहेब, आमचे ढोल फाडले हो! सगळेच्या सगळे!" अमेरिकेत पोलिसाला साहेब कुणी म्हणत नाही, आपली माणसं तेवढी म्हणतात. फोन करणारा गावातल्या मराठी ढोल-ताशा पथकाचा प्रमुख होता. दिवसभर आयटी, संध्याकाळी ढोल. "आणि कुणी फाडले तेही सांगतो. तो पलीकडचा म्हातारा. दुसरं कोण?"

पथक एका रिकाम्या गोदामाच्या पार्किंगमध्ये सराव करायचं. पलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी आवाजाबद्दल आमच्याकडे बऱ्याच तक्रारी केल्या होत्या, हे खरं. पण मी पोहोचलो तेव्हा प्रमुख त्यांच्या लॉनवर उभा राहून बोंबलत होता आणि मागे अख्खं पथक, बायकापोरांसकट. "हेट क्राइम आहे साहेब, आपल्या द्वेषापोटी केलंय, लिहून घ्या!"

"आधी त्यांच्या लॉनवरून खाली उतरा," मी म्हणालो. "नाहीतर पहिली केस तुमच्यावरच लिहीन."

मग ढोल ठेवायची खोली पाहिली. कुलूप तोडलेलं नव्हतं. ढोलांची पानं, म्हणजे तोंडावर ताणलेले पडदे, ब्लेडनं आडवी चिरलेली. या गडबडीत गुलालाचं पोतं कलंडून फरशीभर पसरलं होतं आणि त्या गुलालात पावलं उमटली होती. प्रमुखानं सगळं दारातूनच पाहून फोन केला होता, आत कुणाला जाऊ दिलं नव्हतं. एवढं एक शहाणपण त्यानं केलं. पावलं लहान होती आणि अनवाणी. पाचही बोटं स्पष्ट.

माझा अमेरिकन सहकारी बुचकळ्यात पडला. "अनवाणी कोण येतं नासधूस करायला? वेडा आहे का कुणी?"

मला हसू आवरेना. वेडा कसला! आपल्यापैकीच कुणीतरी होतं. ढोलाची पूजा झालेली असते, त्याच्या खोलीत आपण चप्पल घालून जात नाही. हे कार्टं ढोल फाडायला निघालं आणि सवयीनं बाहेर चपला काढून आत गेलं. शेजारच्या गृहस्थांचा जबाब घ्यायला गेलो, तर ते स्वतःच्या घरात गालिच्यावर जाडजूड बूट घालून बसले होते. तिथेच माझी खात्री पटली.

परत येऊन प्रमुखाला विचारलं, "किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडेच. घरी, देवघराशेजारी खुंटीवर," तो म्हणाला. घरात तो, बायको आणि पंधरा वर्षांची मुलगी. सकाळी लॉनवरच्या घोळक्यात ती मुलगी मान खाली घालून उभी होती, ते मला आठवलं.

अल्पवयीन मुलांची चौकशी पालकांसमोर करावी लागते. मुलीला ठाण्यात बोलावून मी तिचे हक्क वाचून दाखवले. विचारलं, "पाणी हवं का बाळा?" बाप म्हणाला, "तिला नको." विचारलं, काल सरावानंतर कुठे होतीस? बाप म्हणाला, "घरीच होती." अरे, ही चौकशी चाललीय की तुझी तोंडी परीक्षा? मी त्याला बाहेर बसवलं आणि आईला आत घेतलं. आई नुसती मुलीचा हात धरून बसली.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "चपला कुठे काढल्या होत्यास?"

"दाराबाहेर, काका. आत ढोल असतात ना," ती म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं, आणि बांध फुटला. मिरवणुकीच्याच दिवशी तिच्या सॉकर टीमची निवड होती. बाबाला किती वेळा सांगितलं, पण प्रमुखाची मुलगी पहिल्या रांगेत नाही तर लोक काय म्हणतील! "आय जस्ट वॉन्टेड इट टू स्टॉप, काका. ढोलच नसले तर मिरवणूक कॅन्सल होईल असं वाटलं."

आमच्याकडे अशा मुलांना थेट न्यायालयात न पाठवता यूथ कोर्टाकडे पाठवायची सोय होती. तिथे वकीलही शाळकरी मुलं, पंचही शाळकरी मुलं. मोठं माणूस फक्त शिस्तीपुरतं. तिथली शिक्षा पूर्ण केली की मुलाच्या नावावर डाग राहत नाही. अट एकच, मुलानं स्वतः गुन्हा कबूल करायचा आणि आई किंवा बापानं सही करायची.

बापानं साफ नकार दिला. "पोरांच्या पोरखेळापुढे माझी मुलगी उभी राहणार नाही. आम्ही वकील करू. पुरावा काय आहे तुमच्याकडे? आणि पथकाला कळलं तर मी तोंड कुठे लपवू?"

माझं डोकंच फिरलं. वरिष्ठ म्हणत होते, पाठवून दे न्यायालयात, मोकळा हो. पथकातल्या एक-दोन ज्येष्ठांना कुणकुण लागली होती, ते म्हणत होते, आपलीच पोर आहे, मिटवून टाका. म्हणजे एक तर तिच्या नावावर प्रकरण चढणार, नाहीतर एका निरपराध म्हाताऱ्यावरचा आळ तसाच राहणार आणि हे ती जन्मभर मनात घेऊन फिरणार. दोन्ही मला मान्य नव्हतं. मी रोज त्यांच्या घरी जाऊन बसायला लागलो. बाप चिडायचा, दार आपटायचा. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी आईच एका संध्याकाळी म्हणाली, "द्या तो कागद. मी सही करते. तिला बोलायचंय, आणि या घरात तिला कुणी बोलू देत नाही." 

यूथ कोर्ट भरलं. मुलीनं सगळं सांगितलं. मग पंचांमधला हुडी घातलेला एक मुलगा म्हणाला, "ढोलांचं कळलं. पण सगळे त्या आजोबांवर ओरडत होते, तेव्हा तू कुठे होतीस?"

खरं सांगतो, हा प्रश्न मलाही सुचला नव्हता.

"तिथेच," ती म्हणाली. "माझा बाबाच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता."

पोरांनी शिक्षा सुनावली. पथकातल्या जाणत्यांच्या हाताखाली बसून सगळ्या ढोलांना नवी पानं चढवायची, पुढच्या प्रकरणांत स्वतः पंच म्हणून बसायचं, आणि त्या गृहस्थांच्या दारात जाऊन आपल्या तोंडानं खरं सांगायचं.

ती त्या गृहस्थांकडे गेली, त्या दिवशी मी सोबत होतो. बापानं गाडी आणली, पण स्टिअरिंग धरून आतच बसून राहिला. मुलगी एकटी दारापर्यंत गेली. गृहस्थांनी दार उघडलं. "ढोल मी फाडले," ती म्हणाली. "सगळे तुम्हाला दोष देत होते, तेव्हा मी गप्प उभी होते. आय ॲम सॉरी." ते तिच्याकडे बघून मान डोलावत राहिले, मग त्यांची नजर गाडीकडे गेली. बापाला कुठल्या कोर्टानं काही सांगितलं नव्हतं.   मग गाडीचं दार उघडलं. तो जाऊन मुलीशेजारी उभा राहिला आणि जेमतेम म्हणाला, "सर, आय वॉज राँग."  मुलीनं त्याचा हात घट्ट धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

त्यानंतर माझ्यासमोर मुलाला घेऊन बसलेल्या प्रत्येक आईबापाला मी एकच सांगत आलो. आधी त्याला बोलू द्या. आणि तो खरं बोलला, तर मग तुमची पाळी आहे.