रिकाम्या खुर्च्यांचा होकार

सोसायटीच्या सभेला काल चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. आलो दोघंच, सेक्रेटरी आणि मी. नियमाप्रमाणे अर्धा तास वाट पाहिली. मग ते म्हणाले, "आता कोरम लागत नाही."

ठराव फाटकाजवळचा बाक काढून टाकण्याचा होता. संध्याकाळी तिथे मी एकटाच बसतो.

"कोणाची हरकत?" त्यांनी रिकाम्या खुर्च्यांना विचारलं. खुर्च्या गप्प. गल्लीपासून दिल्लीपर्यंत सत्ता अशीच चालत असेल का, न आलेल्यांच्या होकारावर? विचारल्याशिवाय कोणाचं काही घेऊ नये, म्हणून विचारायचं. पण उत्तराला कोणी नसेल तेव्हा.

ते वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ लिहू लागले, तसा मी हात वर केला.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "काका, पंखा कमी करू का?"