सेवकराम सरांचा घसा

सेवकराम सर पवनीचे. वडिलांचा हातमाग होता. घरातले पहिले एम.ए. तेच, आणि तेही इंग्रजीत. पवनीजवळच्या एका छोट्या कॉलेजात त्यांनी चोवीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण मराठीतून. धडा वाचायचा, अर्थ मराठीत सांगायचा, उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. पोरं पास होत. गावात कुणाकडे इंग्रजी कागद आला तर तो सरांकडेच यायचा, आणि सर तो बिनचूक समजावून सांगायचे. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात यायला कारणच नव्हतं.

मग अभ्यासक्रम बदलला. इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची तोंडी परीक्षा आली. कॉलेजने एका खोलीत कॉम्प्युटर आणि हेडफोन लावले. सर एकटेच जाऊन हेडफोन घालून बसले. दोन माणसं तिकिटाबद्दल काहीतरी बोलत होती, एवढंच कळलं. बाकीचे शब्द एकमेकांत मिसळून निघून गेले. तेच संभाषण पुस्तकात छापलेलं होतं. ते वाचताना एकही शब्द अडला नाही.

बोलायच्या पहिल्या तासाला त्यांनी घसा बसल्याचं सांगितलं आणि मुलांना जोड्या करून बोलायला लावलं. आठवडाभर निभावेल असं वाटलं होतं. पण पुढच्या आठवड्यातही तो तास होताच. मग घसा जुना झाला. वर्गातली डिंपल, जवळच्याच गावातल्या, धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, ज्येष्ठमध घेऊन आली. सरांनी चहाच्या टपरीवर जाणं सोडलं, कारण तिथेही कुजबुजत बोलावं लागे. घरी कुणी आलं की आवाज खाली यायचा. बायको विजयमाला एकदा म्हणाली, डॉक्टरला दाखवा, नाहीतर हे सोंग तरी सोडा. सर त्या दिवशी तिच्याशीही बोलले नाहीत.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या डिंपलला नागपूरच्या एका दवाखान्यात स्वागतकक्षाच्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. रोज दहा मिनिटं इंग्रजीत बोलाल का, असं तिने सरांना विचारलं. त्यांनी गळ्याला हात लावून मान हलवली.

चार दिवसांनी ती मुलाखत देऊन परत आली. सर स्टाफरूममध्ये एकटेच होते.

"पहिलाच प्रश्न समजला नाही, सर," ती म्हणाली. "लिहून देला असता तं मी दोन पानं लिहिली असती."

 सर कित्येक महिन्यांनी कॉलेजात मोकळ्या आवाजात बोलले.

"माया घशाले काही झालं नाही, डिंपल. मले इंग्रजी बोलताच येत नाही."

"मालूम हाय, सर. दिवाळीपासून सगळ्या वर्गाले मालूम हाय."

"मंग मले काहून विचारलं?"

"दुसरं कोण हाय, सर?"

खरं सांगितल्यावर हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. इतके महिने सगळा वर्ग त्यांचं खोटं त्यांच्यासाठी सांभाळत होता, आणि त्यातलं कुणीच इंग्रजी बोलायला शिकलं नव्हतं.

त्यांनी प्राचार्यांकडे अर्ज केला, की बोलायचा तास दुसऱ्या कुणाला द्यावा. इंग्रजीला दुसरा शिक्षक नाही, असं उत्तर आलं. मग सर वर्गातच मागच्या बाकावर हेडफोन लावून मुलांसोबत बसू लागले. कधी एखादं अख्खं वाक्य समजे. स्वतः बोलायला उठले की मात्र तिसऱ्या शब्दाला अडकत, आणि मुलं खाली पाहत. त्यांना हसू येत नसे, हे सरांना जास्त लागे.

तोंडी परीक्षेत डिंपल चार वाक्यं बोलली आणि जेमतेम पास झाली. आता ती पवनीतच एका कापडाच्या दुकानात आहे. सरांच्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत. तो तास मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. त्या दिवशी सकाळी विजयमालाबाई डबा भरून देतात, आणि संध्याकाळी तो तसाच परत येतो.