दोनशे सेहेचाळीस अंश

पगारपत्रकात त्यांचं खरं नाव असेल, पण कारखान्यात सगळे त्यांना थांबासाहेब म्हणत. मशीन बंद पडलं की लोक पाने-पकडी घेऊन धावत, आणि हा देखभाल इंजिनिअर आधी म्हणायचा, "थांबा." मग हात पाठीमागे बांधून दहा-दहा मिनिटं नुसता मशीनकडे बघत उभा. खिशात टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. नवीन माणसाला वाटायचं, साहेबांना काही सुचत नाहीये. दहा मिनिटांनी ते नेमक्या एका नटावर बोट ठेवत आणि नवीन माणूस गप्प होई. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. घरचा पंखा मात्र ते महिना महिना दुरुस्त करत नाहीत, असं त्यांच्या बायकोनं एकदा सगळ्यांसमोर सांगून त्यांची चांगलीच फजिती केली होती.

सात नंबरच्या मशीनवर औषधाच्या बाटल्यांची पांढरी झाकणं निघत. ते मशीन बारा वर्षं ताई चालवत होत्या. साखरेसारखे दाणे वरून पडतात, आतल्या गरम नळीत वितळतात आणि दर अकराव्या सेकंदाला सोळा झाकणं बाहेर येतात, याचं त्यांना अजूनही नवल वाटे. "माझी आई मशीन चालवते," असं मुलगा शाळेत सांगतो, हे त्या कुणाला बोलून दाखवत नसत. पण गणवेशाला इस्त्री केल्याशिवाय कधी कामावर येत नसत.

त्या सोमवारी झाकणांवर तपकिरी रेघा उमटल्या. बुधवारपर्यंत खोकी भरून माल बाद झाला. पडद्यावर तापमान बरोबर दोनशे अंश दिसत होतं, तेव्हा मॅनेजरनं सगळं खापर ताईंवर फोडलं. जेवायला जाताना या बाई मशीन रिकामं करत नाहीत, आत माल पडून जळतो, असं त्याचं म्हणणं. शिफ्ट संपताना निष्काळजीपणाचं पत्र मिळणार आणि उद्यापासून मशीन सोडून झाडलोट करायची, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. नळी तापल्याचा वास येतोय, हे त्यांनी सोमवारीच थांबासाहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेबांनी घाईत पडद्याकडे पाहिलं, "दोनशेच तर आहे," म्हणाले आणि दुसऱ्या मशीनकडे गेले. आता ते मॅनेजरसमोर उघडं करायचं म्हणजे साहेबांना तोंडघशी पाडणं. ताईंनी ब्र काढला नाही.

दुपारी साहेब स्वतःहून आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"ताई, वास कुठून येतो म्हणाला होतात?"

"पुढच्या टोकाकडून, साहेब. तिथं हात जवळ नेला की रोजच्यापेक्षा जास्त भाजतं."

त्यांनी हातमोजा चढवला, मशीनचं पुढचं झाकण काढलं, आरसा आत सरकवला. बराच वेळ ते हलले नाहीत. मग म्हणाले, "मॅनेजरना बोलवा. आणि जे मोकळे असतील त्यांनाही."

सगळे गोळा झाले.

"हा तापमान मोजणारा सेन्सर," साहेब म्हणाले, "पूर्ण खाचेत बसायला हवा. हा अर्धं बोट बाहेर आहे. काखेत नीट न धरलेला थर्मामीटर ताप कमी दाखवतो, तसंच हे. म्हणून मशीन नळी आणखी तापवत राहिलं. आता पडद्याकडे बघा."

त्यांनी सेन्सर आत दाबून फिरवला. खट् आवाज झाला. पडद्यावरचा आकडा वर सरकू लागला. दोनशे दहा, दोनशे तीस, दोनशे चाळीस. दोनशे सेहेचाळीसवर तो थांबला. दोन दिवस ताईंचा हात जे सांगत होता ते आता सगळ्यांना वाचता येत होतं.

"सेन्सर खराब झाला असं लिहून टाका," मॅनेजर हळूच म्हणाला. "विषय संपला."

"सेन्सर चांगला आहे. रविवारी हीटर बदलल्यावर तो मीच बसवला होता." साहेबांनी मशीनची वही ओढली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं उच्चारत लिहिलं, "सेन्सर मी नीट बसवला नाही. ऑपरेटरनं सोमवारीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." खाली सही केली.

या माणसानं वाकडे रॉड सरळ केलेले ताईंनी पाहिले होते, गेलेल्या मोटारी फिरवलेल्या पाहिल्या होत्या, पण आज त्या थक्क झाल्या. आरशात जे दिसलं ते फक्त त्यांनाच दिसलं होतं. सेन्सर गुपचूप आत दाबून मशीनचं झाकण परत लावून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

नळी थंड व्हायला, आतला जळका माल ढकलून काढायला तास गेला. तपकिरी गोळे पडले, मग पिवळट, मग पांढरे. सोळा झाकणं निघाली. मॅनेजरनं हात पुढे केला. साहेबांनी मात्र ती ताईंच्या हातात दिली.

"तुम्ही हो म्हणा, मग मशीन चालू."

ताईंनी एकेक झाकण उजेडात धरलं. आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, कडेवरून नख फिरवलं. त्यांनी जराही घाई केली नाही. एव्हाना शिफ्ट संपल्याची घंटा होऊन गेली होती, आणि खिशात पत्र असलेला मॅनेजर समोर ताटकळत उभा होता.

"चालवा," ताई म्हणाल्या.