गोदूबाईने उलगडलेला घुमट

सुकापूरच्या गोदू भोईरने वीस वर्षं बांधकामावर घमेली वाहिली. एक दिवस गवंडी आला नाही, तेव्हा तिने त्याची थापी उचलली. मुकादम हसला, पण संध्याकाळी ओळंबा लावल्यावर भिंत सरळ निघाली, तेव्हा दुसऱ्या दिवशीही त्याने थापी तिच्याच हाती दिली. आज सत्तावन्नाव्या वर्षी तिच्या हाताखाली अकरा गवंडी आहेत.

मुलगी रंजिता सोलापूरला बँकेत नोकरीला. गोदू तिच्याकडे गेली, तेव्हा एका रविवारी दोघी पहाटेच्या बसने विजापूरला गेल्या. इब्राहिम रोज्याच्या जाळ्या, जुन्या कमानी, गोदू सगळं हात लावून बघत होती.

गोलघुमटात गाईड पर्यटकांना सांगत होता, "मधे एकही खांब नाही. हा कसा उभा आहे, ते आजही कोडंच आहे!"

"कोडं कसलं, भाऊ?" गोदू म्हणाली. "त्या कमानी बघा. एकमेकींना छेदून आत आल्यात. चौकोनाचे कोपरे त्यांनीच खाल्ले, वर गोल उरला. त्याच्यावर घुमट बसवलाय. वजन सगळं भिंतींवर जातंय."

रंजिताने घाईने तिचा हात दाबला. पण माणसं वर पाहू लागली होती. गाईडही पाहत राहिला. मग म्हणाला, "मावशी, पुन्हा एकदा सांगा. मला नीट शिकायचंय."

गोदूने फरशीवर बोटाने रेघा ओढत पुन्हा समजावलं.

नंतर दोघी वरच्या सज्जात चढल्या. रंजिता पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिंतीला तोंड लावून हळूच बोलली. शब्द घुमटावरून फिरून गोदूच्या कानाशी आले.

"आई, शाळेत मी सगळ्यांना सांगायची, माझी आई घरीच असते म्हणून."

 गोदू भिंतीशी वाकली. "मना ठाव हाय. तुझ्या शाळेतल्या बाईंच्या घराला प्लास्टर मीच केलता. तवा त्यांनीच सांगितला."

पलीकडून रंजिताचं हसणं आलं. हसता हसता ती रडतही होती.

गावी परतल्यावर गोदूला कळलं, देवळावर फायबरचा तयार घुमट बसवायचं ठरतंय. ती तडक देवळाच्या समितीच्या बैठकीत गेली.

"विटांचा करू. मी बांधते."

"जमेल का गोदू?" समितीप्रमुख काशिराम पाटलांनी विचारलं.

"आमी केला नाय तर कोण करल?"

चार महिने लागले. शेवटची वीट बसली त्या दिवशी रंजिता सोलापूरहून आली, आणि सोबत बँकेतल्या सहा मैत्रिणींना घेऊन आली.