विहिरीत उतरलेली नीळ

मद्रासच्या मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनात मी तंत्रज्ञ होतो, पण खरी किळस मला आमच्या घरच्या विहिरीची आली.

कामावरची घाण निदान घाण म्हणूनच समोर यायची. जाळीला अडकलेल्या चिंध्या, केसांचे गुंते, फुगलेले उंदीर दाताळ्याने ओढायचे, मैल्याचे नमुने बाटलीत भरायचे. डबा उघडला की दहीभातालाही तोच वास. पण त्याला तिथे कुणी तीर्थ म्हणत नव्हतं.

घरी आईची मडी होती. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांत सोवळ्याला हाच शब्द. नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो, म्हणून परसातला नळ फक्त मोरी धुण्यापुरता, पिण्या-रांधण्याला विहीर. आणि मी कामावरून आलो की त्याच विहिरीच्या कट्ट्यावर कपड्यांसकट अंघोळ करून मगच घरात पाऊल टाकायचं. कट्ट्याला ही मोठाली भेग. अंगावरचं धुतलेलं सगळं त्या भेगेतून गुळगुळ आत जायचं. नळातलं कातडं आईला चालत नव्हतं, डोळ्यांवर ओढलेलं चालत होतं.

बायकोला सातवा महिना होता आणि तिचे जुलाब थांबेनात. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला, नाहीतर मूल हाती लागायचं नाही.

आई म्हणाली, “अय्यो, तुम्ही सगळे ह्याच पाण्यावर वाढला की रे! नळाचं तण्णी माझ्या चुलीपाशी नको.”

माझं डोकं सणकलं. त्या संध्याकाळी अंघोळीच्या पाण्यात मी कपड्यांची नीळ पुड्यांवर पुड्या कालवली आणि बादल्या कट्ट्यावर ओतल्या. सकाळी आईने पोहरा ओढला, तर पाणी निळं.

“अम्मा, ही माझ्या अंघोळीची नीळ. माझ्या अंगावरचा मैला रोज असाच आत उतरतो,” मी म्हणालो.

तिने पोहरा उजेडाकडे कलता करून आत पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

“मग उद्यापासनं तू मोरीच्या नळावर न्हा,” ती म्हणाली. “माझी विहीर बाटवू नको.”

तिने दोनतीन पोहरे उपसून टाकले आणि पुढच्या फिकट निळ्या पाण्याने देवाचा तांब्या भरला.

बायको दारातून हे सगळं पाहत होती. पोट सावरत ती पायऱ्या उतरली, मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि ओंजळीने घटाघटा पाणी प्यायली.

आई कडाडली, “आता चुलीला हात लावायचा नाही तू!”

“बरं,” बायको म्हणाली, आणि ओंजळ पुन्हा नळाखाली धरली.