बोर्बोनची ओळ

एवेलिओने एक्केचाळीस हंगाम कॉफी तोडली. त्याच्या मागे ओळ तपासायला मुकादम कधी गेला नाही. झाडावर पिकलेलं फळ राहिलेलं नसायचं, जमिनीवर पडलेलं नसायचं. पडलेल्या फळातून ब्रोका निघतो आणि पुढचं पीक खातो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

ब्रोका म्हणजे तिळाहून लहान काळा भुंगेरा. मादी फळाला बेंबीकडून भोक पाडते, बीमध्ये शिरते आणि आतच अंडी घालते. पोरी मोठ्या होऊन उडून जातात. पोरांना उडता येत नाही. ती जिथे जन्मली त्याच बीत मरतात. "आमच्या अन्सेल्मोसारखी," एवेलिओ म्हणायचा. अन्सेल्मो त्याचा मेव्हणा. तो गाव सोडून कधी गेला नव्हता.

पोती वाहून उजवा खांदा निकामी झाला तेव्हा एवेलिओला पितालितो गावाजवळच्या कॉफी संशोधन केंद्रात काम मिळालं. तिथे चार जाती चार ओळींत लावल्या होत्या. मादी कोणती जात आधी धरते आणि कोणत्या बीत तिची पिल्लं लवकर वाढतात, हे इंजिनीअर यामिलेला पाहायचं होतं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक ओळीतली शंभर फळं तोडायची, चाकूने चिरायची, भिंगाखाली अंडी आणि अळ्या मोजायच्या. अट एकच होती. पडलेलं फळ उचलायचं नाही. निवड भुंगेऱ्याने करायची, माणसाने नाही.

वर्षअखेर कातुर्रा जातीची शंभरात चौतीस फळं पोखरलेली निघाली. आणखी दोन जाती तिशीच्या आसपास. बोर्बोनची नऊ. त्या नवांतही नुसती अंडी होती, अळ्या जवळजवळ नाहीत. यामिलेने आकडे तीनदा तपासले आणि एवेलिओला आपल्या हाताने कॉफी करून दिली.

शनिवारी अन्सेल्मो घरी आला.

"दाजी, डोंगरावरची सगळी कातुर्रा उपटतोय. बोर्बोनची दोन हजार रोपं मागवलीयत."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच की! गावभर सांगत फिरलात, नऊ, नऊ म्हणून."

एवेलिओची बायको उबाल्दिना चुलीपाशी होती. तिने नवऱ्याची विजार झटकली आणि खिशातून पाच फळं काढून उकळत्या पाण्यात टाकली. वर्षभर ती हेच करत होती. आत काही जिवंत राहू नये म्हणून.

"ती कुठली?" एवेलिओने विचारलं.

"मला काय विचारता? खिसा तुमचा." मग ती म्हणाली, "घरची वाट बोर्बोनमधूनच येते ना?"

एवेलिओने मक्याची भाकरी खाली ठेवली.

"रोपं थांबव," तो अन्सेल्मोला म्हणाला.

"का?"

"सोमवारी सांगतो. उपटू नकोस काही."

सोमवारी तो आधी यामिलेकडे गेला.

"बाई, बोर्बोनचा आकडा खोटा आहे."

"काका, तुम्हीच मोजलात ना?"

"मोजलं बरोबर. ओळ खोटी आहे." त्याने खिसा उलटा केला. टेबलावर सात फळं पडली.

"रोज?"

"वाट तिथूनच आहे."

"उचलू नका म्हटलं होतं मी."

"उचलली नाहीत. हात गेला."

यामिलेने चष्मा काढला. वहीतल्या बोर्बोनच्या नऊवर तिने रेघ मारली.

"वर्ष गेलं, काका."

"गेलं. पुन्हा करतो."

"आणि हाताचं काय करायचं?"

याचं उत्तर उबाल्दिनाकडे होतं. तिने त्याच्या तिन्ही विजारींचे आणि सदऱ्यांचे खिसे शिवून टाकले. पहिल्याच आठवड्यात तो टोपीतून अकरा फळं घेऊन घरी आला. उबाल्दिनाने दाराकडे बोट दाखवलं. तो परत गेला आणि ज्या झाडाखालचं फळ त्या झाडाखाली ठेवून आला. कुठलं कुठलं हे त्याला अकराही फळांचं आठवत होतं.

दुसऱ्या वर्षी बोर्बोनची एकतीस फळं पोखरलेली निघाली. अळ्याही बाकीच्यांइतक्याच.

"दोन हजार रोपं, दाजी," अन्सेल्मो म्हणाला. "बुडालोच असतो. आता काय लावू?"

"काही लावू नकोस. आहे तीच झाडं ठेव आणि खाली वाकून पडलेलं उचल."

एवेलिओ आता डोंगराला वळसा घालून घरी येतो. चाळीस मिनिटं जास्त लागतात. बोर्बोनच्या ओळीत पडलेली फळं त्या वाटेवरून दिसत नाहीत.