नेलगन माझी, लुंगी ह्यांची

गेल्या वर्षी नवरात्र बसायच्या चार दिवस आधी मी आमच्या ह्यांची लुंगी एका फळीला पाच खिळ्यांनी ठोकली. त्या वेळी लुंगीत हे होते.

या घटनेबद्दल आमच्या बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये बरंच काही बोललं जातं. मी ह्यांच्यावरचा चाळीस वर्षांचा राग काढला, असं काही जणींचं म्हणणं. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, असं काहींचं. दोन्ही खोटं! नंबर तोच आहे, आणि राग काढायचा असता तर मी पाच खिळ्यांवर थांबले नसते. तेव्हा काय झालं ते आता मीच सांगते. माफी मागायला नाही हं. ती मी तेव्हाही मागितली नव्हती.

आमचं घराणं कधीच्या काळी मराठी मुलखातून इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड, आणि नवरात्रात इथल्या सगळ्यांसारख्याच बाहुल्या. 'गोंबे' म्हणतात त्यांना. दिवाणखान्यात सात लाकडी पायऱ्या उभ्या करायच्या, त्यांवर पांढरी चादर, चादरीवर बाहुल्या, आणि सगळ्यात वर लाकडाचे राजा-राणी. माझे राजा-राणी सासूबाईंनी लग्नात माझ्या ओंजळीत दिलेले. (राणीचं नाक तेव्हापासूनच उडालेलं आहे. ते मी उडवलं, असंही एक मत घरात आहे.)

तीन वर्षांपूर्वी त्या पायऱ्यांना वाळवी लागली, आणि बाहुल्या ट्रंकेत गेल्या त्या गेल्याच. दोन नवरात्रं आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. बायका नटूनथटून समोरच्या सरोजाक्कांकडे जायच्या, हसतखिदळत बाहेर पडायच्या, आणि आमच्या फाटकासमोरून पुढे निघून जायच्या. मी पडद्याआडून बघायची. एकदा तर त्या ट्रंकेवर बसून मी रडलेसुद्धा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

सुतार होता ना! पण तो फक्त फोनवर होता. "नाळे बर्तीनी, अम्मा," म्हणायचा. उद्या येतो. त्याचा तो 'नाळे' सलग दोन वर्षं चालला. तिसऱ्या वर्षी मी फोन ठेवला आणि जाहीर केलं, "पायऱ्या मी करणार."

ह्यांनी पेपर खाली घेतला. "तू?"

"मी."

"अगं, ते सुतारकाम आहे."

"सुतार येत असेल तर सुतारकाम. येत नसेल तर घरकाम!"

मी शाळेत बत्तीस वर्षं पी.टी. शिकवलं आहे. साठ-साठ पोरांना मी एका शिट्टीत सरळ केलंय, सात पायऱ्या काय चीज! अडचण एकच होती. माझं उजवं मनगट दुखरं आहे, हातोडीचे चार घाव घातले की पाचवा बोटावर बसतो. मग मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. एक बाई हातात पिस्तुलासारखं यंत्र धरून, फळीवर टेकवून, ठक, ठक, ठक, चार मिनिटांत कपाट उभं करून मोकळी! नेलगन. खिळ्यांची बंदूक. मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला. सातव्यांदा ह्यांना दाखवला, आणि तिथेच चूक झाली.

कारण आमचे हे कारखान्यातल्या डिझाईन विभागातून निवृत्त झालेत. घरात साधा झाडू आणायचा तरी हे त्याच्या काड्यांचा कोन बघतात. त्यांनी लगेच तक्ता आखायला घेतला. हवेच्या दाबावर चालणारी की बॅटरीवर? जाड खिळ्यांची की बारीक? कॉम्प्रेसर केवढा? नळी किती लांब? तीन आठवडे हे एकच चाललं. तक्त्यात सव्वीस रकाने झाले. जेवताना ह्यांनी मला विचारलं, "वर्षाला साधारण किती खिळे मारशील?"

"तुमच्या वागण्यावर आहे," मी म्हणाले.

शेवटी मीच ह्यांना रिक्षात घालून सिटी मार्केटजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात नेलं. दुकानदाराने ह्यांना स्टूल दिलं, ह्यांना कॉफी दिली, आणि ह्यांच्यापुढे तीन बंदुका मांडल्या. मला म्हणाला, "अम्मा, तुम्ही फॅनखाली बसा."

पहिली एवढी थोरली की तिने इमारतींच्या चौकटी ठोकतात. ह्यांचे डोळे लकाकले! दुसरीला कॉम्प्रेसर लागत होता, तो दुकानदाराने चालू करून दाखवला तर शेल्फवरचे डबे नाचायला लागले. तिसरी बॅटरीची, आटोपशीर, बारीक खिळ्यांची. त्या खिळ्यांना डोकं जवळजवळ नसतंच, लाकडात गेले की दिसतसुद्धा नाहीत.

"सार, पहिली घ्या," दुकानदार म्हणाला. "लाइफलाँग!"

"मलाही तेच वाटतंय," हे म्हणाले. "पुढेमागे एखादी खोली वाढवायची झाली तर..."

"कुठे? गच्चीवरच्या टाकीवर?" मी उठले. "ती तिसरी द्या इकडे."

"अम्मा, ती पण लेडीजना जड होते. स्वल्प जास्तच वजन आहे."

मी पदर खोचला. ती बंदूक उचलली, हात सरळ पुढे केला आणि तशीच धरून उभी राहिले. मी मुलींना गोळाफेक शिकवलीय हो! कॉफी थंड झाली, ह्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तरी माझा हात हलला नाही. "सरी, अम्मा, ठीक आहे," दुकानदार हात जोडून म्हणाला, "हीच घ्या." (रिक्षात हात खाली येईना, हा भाग मी कुणाला कळू दिला नाही.)

घरी आल्यावर सराव. जेवणाच्या टेबलावर फळीचा एक तुकडा ठेवला. बंदुकीचं टोक लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही, हे ह्यांनी मला अकरा वेळा सांगितलं. मी टोक दाबलं, घोडा ओढला. ठक! काय सुंदर आवाज! ठक! ठक! ठक! मग तुकडा उचलायला गेले, तर टेबल उचललं गेलं.

"खिळे कुठले भरलेस?" ह्यांनी विचारलं.

"पेटीतले."

"पन्नास मिलिमीटरचे! फळी अठराची आहे! उरलेला खिळा कुठे जाईल असं तुला वाटलं?"

सव्वीस रकान्यांत खिळ्याच्या लांबीचा रकाना नव्हता, हे मी शांतपणे दाखवून दिलं.  फळीचा तो तुकडा टेबलावर तसाच राहिला. मी त्यावर मिठाची आणि लोणच्याची बरणी ठेवली. आता पाहुणे विचारतात, ही छान आयडिया कुणाची.

नवरात्राला चार दिवस उरले होते. पायऱ्यांच्या आकाराच्या दोन बाजू तयार झाल्या, त्या समोरासमोर उभ्या केल्या. आता त्यांना आडव्या-उभ्या फळ्या जोडायच्या. फळी मागून कुणीतरी दाबून धरायला हवी, म्हणून हे दोन बाजूंच्या मधे, आत उकिडवे बसले. लुंगी नेसून! मी म्हणाले होते, पँट घाला. "घरात कसली पँट?" असं कोण म्हणालं होतं? मी नाही.

"धरलंय का घट्ट?"

"धरलंय."

"हलायचं नाही! सावधान!"

मी सांध्यात सुताराचा पांढरा गोंद लावला, फळी टेकवली, आणि ठक, ठक, ठक, ठक, ठक. पाच खिळे, एका ओळीत, समान अंतरावर. असा सांधा त्या सुतारालाही जमला नसता.

"झालं. या बाहेर," मी म्हणाले.

आतून काहीच हालचाल नाही. मग अगदी खालच्या आवाजात, "अगं, माझी लुंगी येत नाहीये."

बघते तर लुंगीचा काठ फळी आणि बाजू यांच्या मधोमध! वरून पाच खिळे, आतून गोंद. ह्यांनी ओढली, मी ओढली. सांधा इतका पक्का होता की मला अभिमानच वाटला.

"गाठ सोडा आणि या ना बाहेर," मी म्हणाले. ह्यांनी गाठीला हात घातला, आणि नेमकी बेल वाजली.

"आम्ही आलो की वो!" सरोजाक्का. (त्या बेळगावकडच्या, तिकडे बायकाही 'आलो' म्हणतात.) आणि त्या बेल वाजवून थांबत नाहीत, बेल वाजवत आत येतात. मागे भजनी मंडळाच्या चौघी. हातात कुंकवाची कुयरी. नवरात्राचं आमंत्रण! ह्यांनी गाठीवरचा हात काढून घेतला आणि मी हाताला लागली ती चादर सबंध सांगाड्यावर टाकली.

"अगोबाई, पायऱ्या केलीस व्हय? सुतार आला?"

"मी केल्या," मी म्हणाले.

पाचही जणी जागच्या जागी थांबल्या. खरं सांगते, त्या क्षणाची मी दोन वर्षं वाट बघत होते. फक्त तेव्हा आत नवरा नसायला हवा होता.

"राव साहेब कुठं गेल्यात?"

"मार्केटला."

"चपला तर दारातच हैत."

"अनवाणी गेलेत," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

त्या बसल्या. कुंकू लावून उठतील म्हणून मी उभीच राहिले, तर सरोजाक्का म्हणाल्या, "कॉफी टाक की, दमलोय." कॉफी झाली. मग त्यांच्या सुनेचा विषय निघाला, आणि तो निघाला की लवकर मिटत नाही. चादरीखालून मला ह्यांच्या गुडघ्यांचा कटकट आवाज ऐकू येत होता. तशात लाकडाचा भुसा. ह्यांना भुशाची ऍलर्जी आहे, हे मला आणि ह्यांना एकदमच आठवलं असावं.

"हाऽऽक छी!"

चादर फुगली आणि खाली बसली. भजनी मंडळाच्या हातातले कप हवेतच राहिले. सरोजाक्का उठल्या, चादरीचं टोक धरून वर केलं आणि वाकून आत पाहिलं. पायऱ्यांच्या आत, पांढऱ्या भुशात न्हालेले, गुडघ्यांभोवती लुंगी आवळून बसलेले आमचे हे.

"नमस्कार," हे म्हणाले.

"अय्यो!" सरोजाक्का म्हणाल्या. "अवंदा राजा तळाच्या पायरीवर बसवलीस?"

पुढची दहा मिनिटं त्या पाच बायका ज्या हसल्या, त्याने रस्त्यावरचा नारळवाला फाटकात आला. मी कात्री आणली. सांध्याच्या कडेने लुंगी कापली आणि हे उरलेली लुंगी धरून, पाठ भिंतीला घासत बेडरूममध्ये गेले.

बाहेर आले ते पँट घालून. "ती बंदूक उद्या परत करायची," ह्यांनी फर्मान काढलं. आमची मुलगी महादेवपुऱ्यात राहते, तिलाही फोन लावला. ती म्हणाली, "आई, प्लीज! ॲपवरून कारपेंटर बुक करते, एका तासात येतो. तुला कुणाला काय प्रूव्ह करायचंय?"

"तुझ्या वडिलांना," मी म्हणाले, "आणि तुलाही." मग ह्यांच्याकडे वळले. "खिळा मी सांगितला तिथेच गेला की नाही?"

"गेला."

"मग लुंगी तिथे कुणी आणली?"

हे गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालू लागले. बंदूक परत गेली नाही. त्या संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस मी एकटीने पायऱ्या पूर्ण केल्या. फळी टेकवायला आता गुडघा लावला, छोटे खिळे भरले, आणि प्रत्येक सांध्यात आधी बोट घालून बघितलं, आत घरातलं कुणी आहे का. तिसऱ्या दिवशी हे पॉलिशपेपर घेऊन आले आणि कडा घासायला बसले.  मी त्यांना कॉफी दिली.

पहिल्या माळेला ट्रंक उघडली. राजा-राणी सातव्या पायरीवर बसले. आणि बायका आल्या! इतक्या आल्या की चपला फाटकापर्यंत गेल्या. बाहुल्या बघायला आलेल्या थोड्या आणि लुंगी कुठे अडकली ते बघायला आलेल्या जास्त, हे मला ठाऊक आहे. येऊ देत! मी प्रत्येकीला तो सांधा दाखवला. चिंधी अजून बाहेर डोकावत होती. "ओढून बघा," मी सांगायची. एकीलाही निघाली नाही.

दसरा झाला. बाहुल्या ट्रंकेत गेल्या, आणि आम्ही दोघांनी पायऱ्या माळ्यावर ठेवायला उचलल्या. दारापर्यंत आलो. सरळ केल्या, आडव्या केल्या, तिरक्या केल्या. ह्यांनी टेप आणली. पायऱ्या कशाही धरा, पाच फूट. दार पावणेतीन.

"जुन्या पायऱ्यांचे नटबोल्ट सुटायचे," हे म्हणाले.

"माझं काही सुटत नाही," मी म्हणाले.

"मग करवत आणू?"

"हात तर लावून बघा!"

तेव्हापासून त्या दिवाणखान्यातच आहेत. सोफा गॅलरीत गेला. खालच्या पायरीवर वर्तमानपत्रं, दुसरीवर ह्यांची औषधं, तिसरीवर बटाटे, आणि चौथीवर मी बसून टीव्ही बघते. परवा सरोजाक्कांनी त्यांच्या फाटकातून ओरडून विचारलं, "काय वो, नवरात्र आलं की! अवंदा पायऱ्या कवा मांडणार?"

मी कमरेवर हात ठेवून, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मांडून झाल्या! गेल्या वर्षीच!"